नऊ मुहूर्तांचा मुक्काम



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता झाली. साधु-साध्वीजी महाराजांचे विहार सुरू झाले आणि आपल्या घरांतही यात्रेचे, प्रवासाचे बेत होऊ लागले. हिवाळ्याच्या याच महिन्यांत परदेशी पर्यटकांची मोठी जहाजे मुंबई बंदरात येतात. त्या जहाजांतून कधी कधी आपलीच माणसे येतात. लंडन, लेस्टर किंवा अँटवर्प येथे स्थायिक झालेली एखादी आत्या, एखादे काका सागरी सहलीला निघतात आणि कळवतात, ‘अमुक तारखेला आमचे जहाज एक दिवस मुंबईत थांबणार आहे. त्या दिवशी भेट होईल का?’

पत्र वाचताच घरात उत्साह संचारतो. पाहुण्यांना बोईसरला घरी आणू, नवे दुकान दाखवू, तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर नेऊ, जमल्यास केळव्याच्या किनाऱ्यावर फेरी मारू आणि संध्याकाळी जहाजावर सोडू, असा बेत ठरतो. बेतामागील जिव्हाळा खरा असतो, पण हिशेब जुळत नाही. अशा प्रसंगी काय करावे, हे मला या वर्षी दोन-तीन कुटुंबांनी विचारले. उभी नोकरी बँकेत गेल्यामुळे कोणताही प्रश्न जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत मांडण्याची सवय जडली आहे. त्याच सवयीने आजचे सदर लिहीत आहे.

आधी वजाबाकी

समजा, डिसेंबरमधील एक दिवस आहे. जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागणार आणि सायंकाळी ६ वाजता सुटणार. कागदावर १० तास दिसतात आणि मनुष्य त्या दहा तासांचा बेत आखतो. परंतु हे दहा तास म्हणजे ढोबळ उत्पन्न आहे. त्यातून देणी वजा झाल्यावर जे उरेल तेवढेच आपले.

जहाज धक्क्याला लागले म्हणजे प्रवासी लगेच बाहेर पडत नाहीत. पासपोर्टची तपासणी होते, रांगा लागतात, वृद्धांना वेळ लागतो. पाहुणे ९ वाजता दरवाजाबाहेर आले तर चांगले म्हणावे. दुसऱ्या टोकाला, ६ वाजता सुटणारे जहाज प्रवाशांना साधारण तासभर आधी परत बोलावते. म्हणजे ५ ची वेळ झाली. मुंबईची वाहतूक ध्यानात घेता पाहुणे साडेचार वाजता बंदराच्या दाराशी हवेत. ९ ते ४.३० म्हणजे साडेसात तास, अर्थात ४५० मिनिटे.

आपल्याला काळ मोजण्याचे एक चांगले माप परंपरेने मिळाले आहे. दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त, ४८ मिनिटे. एका सामायिकाला लागतो तेवढा काळ. सूर्योदयानंतर तेवढाच काळ गेला की नवकारशी येते. ४५० मिनिटांत असे ९ मुहूर्त बसतात आणि वर १८ मिनिटे उरतात. तासांच्या भाषेत मनुष्य ‘अजून बराच वेळ आहे’ असे म्हणत राहतो. मुहूर्तात मोजले की प्रत्येक कामाची किंमत कळते, कारण एक सामायिक म्हणजे किती काळ, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते.

या नऊंपैकी एक मुहूर्त प्रथमच बाजूला ठेवावा. बँकेला ठेवींचा ठराविक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावाच लागतो आणि उरलेल्यातून कर्जे द्यावी लागतात. तसाच हा राखीव मुहूर्त परतीच्या प्रवासासाठी आहे. तो दुकानदाराशी घासाघीस करण्यात किंवा आणखी एका चहात खर्च करू नये.

बोईसर दूर आहे, हे मान्य करावे

आता बोईसरचा हिशेब पाहू. बंदरापासून चर्चगेट स्थानकापर्यंत आणि गाडीत बसेपर्यंत अर्धा तास. चर्चगेट ते बोईसर सुमारे १०० किलोमीटर, लोकलने सव्वादोन तासांच्या वर. स्थानकापासून घरापर्यंत पंधरा मिनिटे. एका बाजूचे तीन तास झाले. मोटारीने गेले तर घोडबंदर आणि वसईच्या टापूत महामार्ग किती वेळ घेईल, हे सांगण्याचे धाडस आपल्यापैकी कोणीही करणार नाही. जाऊन-येऊन सहा तास वजा केले की घरी दीड तास उरतो, म्हणजे दोन मुहूर्तांना सहा मिनिटे कमी. त्यातून राखीव मुहूर्त काढला तर ४२ मिनिटे. पाहुण्यांनी सातासमुद्रापलीकडून येऊन ४२ मिनिटे आपल्या घरी बसावे आणि सहा तास वाहनात घालवावेत, हा व्यवहार कोणत्याच अंगाने फायद्याचा नाही. गाडी रखडली तर जहाज निघून जाते. जहाज कंपनीने स्वतः काढलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते, पण स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत, गोवा असो वा कोची, स्वखर्चाने धावावे लागते.

वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. त्यामुळे ‘पुढे जहाज आपल्याच दाराशी येईल’ असे काही जण हौसेने म्हणतात. ते बंदर मुख्यतः कंटेनरच्या मालवाहतुकीसाठी आहे. पाहुण्यांच्या स्वागतासाठी आपल्याला मुंबईलाच जायचे आहे, असे धरून चालावे.

पण घरातील वृद्ध व्यक्ती प्रवास करू शकत नसेल तर? हा प्रश्न मात्र हिशेबापेक्षा मोठा आहे. गेल्या हिवाळ्यात बोईसरच्या एका परिचित कुटुंबापुढे तो उभा राहिला. घरातील आजी ८१ वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांची धाकटी बहीण लेस्टरहून निघून जहाजाने मुंबईला येणार होती. दोघींची भेट होऊन १९ वर्षे झाली होती. नातवाने मावशीआजींना मोटारीने बोईसरला आणून परत सोडण्याचा तपशीलवार बेत तयार केला होता. वरची वजाबाकी त्याच्यासमोर मांडली तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मग भेट होणारच नाही का?’

भेट झाली. कुटुंबाने आजींना आदल्या दिवशी दुपारी, वाटेत दोनदा विश्रांती घेत, मोटारीने मुंबईला नेले. सी. पी. टँकजवळ त्यांच्या भाच्याचे घर आहे, तेथे रात्रीचा मुक्काम केला. सहा तासांच्या प्रवासाचा भार पाहुण्यांच्या एका दिवसावर न टाकता यजमानांनी तो आपल्या दोन दिवसांत वाटून घेतला. मुंबईत ज्याचे कोणी नाही अशा कुटुंबाने एखाद्या जैन धर्मशाळेत खोली आधी राखून ठेवावी. खर्च होतो, पण या प्रसंगातील तोच खर्च सर्वांत सार्थकी लागतो.

बंदराच्या परिसरातील आपला वारसा

पाहुणे बोईसरला येऊ शकत नाहीत म्हणजे त्यांना मॉलमध्ये फिरवावे असे नाही. बंदरापासून तीन-चार किलोमीटरच्या आत जैन व्यापाऱ्यांचा दोन शतकांचा इतिहास उभा आहे. परदेशात वाढलेल्या नातवंडांना ताजमहाल हॉटेल आणि गेटवे कोणीही दाखवील. हा इतिहास आपणच दाखवायचा आहे.

आरंभ पायधुनीपासून करावा. बेटांमधील खाडी ओलांडून येणारे लोक जेथे पाय धूत ती ही जागा, म्हणून नाव पायधुनी. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातील बाजारपेठेला मोठी आग लागली. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती कोटाबाहेर सरकू लागली आणि आजच्या काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी या पेठा भरभराटीला आल्या. पायधुनीचे श्री गोडीजी पार्श्वनाथांचे देरासर १८१२ चे आहे. सकाळी प्रथम तेथे दर्शन आणि चैत्यवंदन करावे. पूजा करायची असेल तर स्नान आणि पूजेची वस्त्रे यांची सोय करण्यात निराळा वेळ जातो. दर्शनावर समाधान मानले तर बंदरापासूनच्या प्रवासासह दीड मुहूर्तात हा भाग पूर्ण होतो.

तेथून भुलेश्वरची पांजरापोळ जवळ आहे. १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा मुंबईत मोठा क्षोभ उसळला होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने ही पांजरापोळ सुरू झाली. एक पारशी आणि एक जैन, दोघेही चीनच्या व्यापारातील भागीदार. त्या व्यापारात अफूही होती. मुलांनी विचारले तर हे लपवू नये. मोतीशा शेठांची स्वतःची जहाजे होती. भायखळ्याचे आदीश्वर भगवंतांचे देरासर त्यांचेच. पालिताण्याला शत्रुंजयावर कुंतासरची खोल दरी भरून उभारलेली मोतीशाची टूक आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पूर्ण होण्यापूर्वीच, १८३६ मध्ये, त्यांचे देहावसान झाले. समुद्रावर मिळवलेले धन डोंगरावर आणि गोठ्यात कसे पोहोचले, हे नातवंडांना गाईला चारा देता देता सांगता येते. याला एक मुहूर्त पुरे.

दुपारनंतर फोर्टकडे वळावे. ओव्हल मैदानाच्या कडेने उभे राहिले की विद्यापीठाचा राजाबाई मनोरा समोर येतो. सुमारे २८० फूट उंचीचा हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातुःश्री राजाबाई यांचे नाव आहे. परंपरेने सांगितले जाते की राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि त्यांचा चौविहाराचा नियम होता. सूर्य मावळतीला आला हे कोणाला विचारावे लागू नये म्हणून घड्याळाचे ठोके त्यांच्या उपयोगी पडत. जगभरचे पर्यटक या मनोऱ्याचे छायाचित्र घेतात. त्यामागे एका जैन मातेच्या नियमाची आठवण आहे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.

बँकेच्या जुन्या सेवकाला त्या मनोऱ्यात आणखी एक गोष्ट दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांवर लोकांनी घरे-दारे लावली. त्या सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंदच होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. ज्या बँक ऑफ बॉम्बेने समभागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली होती ती १८६८ मध्ये गुंडाळली गेली. प्रेमचंदांनाही जबर फटका बसला. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये त्यांनी १८६४ मध्येच देऊन टाकले होते. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या तेजीतील जे धन त्यांनी जवळ ठेवले होते त्यातले बरेचसे गेले आणि जे दिले होते ते आज दीडशे वर्षे तासाचे ठोके देत आहे. व्यापारी घरातील तरुणांना ही गोष्ट तेथेच उभे राहून सांगावी.

शक्ती आणि वेळ शिल्लक असेल तर जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात केवळ एका वस्तूसाठी जावे. सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाचा शिलालेख तेथे आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याला उत्खनन केले आणि आपल्या जिल्ह्याचे हे प्राचीन बंदर पुन्हा प्रकाशात आले. नवपदाच्या ओळीत श्रीपाळ राजाचा रास ऐकताना सोपाऱ्याच्या राजकन्येचा प्रसंग येतो, तेच हे सोपारा. पाहुण्यांना पालघर जिल्ह्यात नेता आले नाही तरी पालघर जिल्ह्याचा दोन हजार वर्षांहून जुना दगड त्यांना दाखवता येतो. फोर्टच्या या भागासाठी दीड मुहूर्त धरावा.

मधले चार मुहूर्त

दर्शनाला दीड, पांजरापोळीला एक, फोर्टला दीड आणि राखीव एक, असे पाच झाले. उरलेले चार मुहूर्त, म्हणजे साधारण ११ ते सव्वादोन हा काळ, एकाच छताखाली बसण्यासाठी ठेवावा. स्थळांची यादी वाढवण्याचा मोह येथेच होतो. मलबार हिलचे बाबू अमीचंद पन्नालाल देरासर, हँगिंग गार्डन, झवेरी बाजार अशी नावे निघतात. पाहुणे थकतात, वृद्ध माणसे मोटारीतच बसून राहतात आणि ज्यासाठी भेट ठरली ते बोलणे राहून जाते.

वर उल्लेखिलेल्या दोघी बहिणींनी ते चार मुहूर्त भाच्याच्या घरी काढले. जेवण झाल्यावर थोरल्या आजींनी कटासणे मागितले आणि धाकटीला म्हणाल्या, ‘चल, एक सामायिक करू.’ घरातील मंडळींना ते काहीसे खटकले. १९ वर्षांनी भेट झालेली, हाती मोजका वेळ, आणि त्यातील ४८ मिनिटे न बोलता घालवायची! सूनबाईंनी तसे हळूच सुचवूनही पाहिले. दोघी शेजारी शेजारी बसल्या. सामायिक पारून झाल्यावर थोरलीने एवढेच विचारले, ‘आईची नवकारवाळी तुझ्याकडेच आहे ना?’ धाकटीने पर्समधून ती काढली. ती तिने प्रवासात मुद्दाम बरोबर आणली होती. दिवसाच्या बाकी सर्व छायाचित्रांपेक्षा त्या कुटुंबाला हे चित्र अधिक लक्षात राहिले आहे.

भोजनाची व्यवस्था

डिसेंबरात मुंबईचा सूर्योदय सातच्या किंचित पुढे होतो, म्हणजे नवकारशी आठच्या सुमारास येते. पाहुण्यांनी त्यानंतर जहाजावरच अल्पोपाहार करून उतरावे, म्हणजे उपाशीपोटी धावपळ होत नाही. सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे आहे. ५ वाजता जहाजावर चढून, तपासणी आटोपून, जैन भोजन समोर येईपर्यंत सूर्य मावळण्याचा संभव असतो. ज्यांचा चौविहार आहे त्यांच्यासाठी चारच्या सुमारास खाण्याचा एक डबा तयार ठेवावा. हिवाळ्यात मेथी चालते, तेव्हा घरचे ठेपले उत्तम. उकळलेल्या पाण्याचा काळ या ऋतूत चार प्रहरांचा असतो. पहाटे घरून निघताना भरलेले पाणी पाहुण्यांना निरोप देईपर्यंत पुरते.

भेट देताना विवेक ठेवावा. बहुतेक जहाजांवर घरी शिजवलेले अन्न नेऊ देत नाहीत आणि ताजी फळेही अडवतात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. तो चिकू दुपारच्या जेवणात वाढावा. बरोबर देण्यासाठी मात्र कारखान्यात बंद केलेले, तारीख छापलेले पुडेच घ्यावेत.

जाण्यापूर्वी तपासावे

पाहुण्यांनी निघण्यापूर्वी जैन भोजनाची मागणी जहाज कंपनीकडे नोंदवलेली असावी. एका दिवसासाठी उतरतानाही परदेशी नागरिकाला व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांनी ते पासपोर्टसह जवळ ठेवावे. जहाजाचे घड्याळ आणि भारताचे घड्याळ एकच वेळ दाखवते आहे ना, हे उतरतानाच पाहावे. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजली जाते. बंदरातील जहाज एजंटाचा दूरध्वनी क्रमांक प्रवाशांना दिला जातो, तो यजमानांनीही लिहून घ्यावा.

आपल्याला बंदराच्या आत प्रवेश नसतो. नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल इंदिरा गोदीवर असून त्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले आहे. मुंबई बंदराला ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट असे अनेक दरवाजे आहेत. ‘बंदरावर भेटू’ एवढे बोलून चालत नाही. दरवाजाचे नाव आणि वेळ लेखी ठरवावी, कारण पाहुण्यांचा परदेशी मोबाईल येथे चालेलच असे नाही. रविवार असेल तर भुलेश्वरच्या गल्ल्या थोड्या मोकळ्या मिळतात, पण लोकलचा मेगाब्लॉक आधी पाहून घ्यावा. वृद्धांसाठी घडीची चाकाची खुर्ची मोटारीत असावी.

आणि शेवटी खर्चाबद्दल. मोटार, मुक्काम, भोजन यांचा खर्च आधी लिहून काढावा आणि भावंडांत वाटून घ्यावा. पाहुण्यांसमोर बिलावरून ओढाताण करण्यात जी पाच-दहा मिनिटे जातात ती वाचतात. नऊ मुहूर्तांच्या दिवसात तीही थोडी नाहीत.

या हिवाळ्यात ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल त्यांनी उत्तर पाठवण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा, जहाजाची येण्याची आणि सुटण्याची वेळ वरच्या ओळीत लिहावी आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारावे, ‘तुम्हाला त्यांच्याबरोबर काय करायचे आहे?’ बेताची सुरुवात तिच्या उत्तरापासून करावी.